कोणत्या हाताने?

तिला सगळं गाव पाखरंबाई म्हणायचं. तिला त्याचा राग आला तो फक्त पहिली दोन वर्षं. मग तीच फोन उचलून सांगायला लागली, “हो, पाखरंबाईच बोलतेय, कुठे पडलंय सांगा.”

पशुरोग कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं. वरून कुणी जिना उतरलं की पावलागणिक छताची पांढरी भुकटी फॉर्मवर पडायची. टेबलावर हिरवा फोन, चौदा रकान्यांचे कोरे फॉर्म, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि पक्ष्यांच्या पायांची चित्रं डकवलेला पुठ्ठा. मेलेला रानपक्षी दिसला की लोकांनी त्या फोनवर कळवायचं आणि कुठला उचलून आणायचा, कुठला तसाच सोडायचा हे तिने ठरवायचं. एखादी चिमणी, एखादा पारवा असेल तर सोडून द्यायचा. एका जागी पाच असतील तर उचलायचे. पाणपक्षी, घार, घुबड मात्र एकटंदुकटं असलं तरी उचलायचं, कारण पक्ष्यांचा ताप हिंडत असला तर तो आधी त्यांच्यात दिसतो.

नऊ वर्षांत तिला काय काय कळवण्यात आलं होतं. एका गृहस्थांनी झाडात अडकलेली काळी पिशवी तीन दिवस घार म्हणून कळवली. एका बाईंनी शेजाऱ्यांच्या हौदात पडलेलं बदक कळवलं, “हलत नाही हो, पण चेहरा मात्र हसरा आहे.” ते रबराचं निघालं. तरी तिने त्या बाईंना धन्यवाद दिले. आज हसलो तर उद्या खरं बदक मेलं तरी बाई फोन करणार नाहीत, एवढं तिला कळत होतं.

आणखी एक गोष्ट तिला कळली होती आणि ती कुठल्याही परिपत्रकात नव्हती. फॉर्मचा अकरावा रकाना असा होता : पक्ष्याला हात लावला का? हो म्हटलं तर त्या माणसाला दहा दिवस फोन करून ताप-खोकला विचारायचा. पण हा प्रश्न विचारला की माणसं एकजात “छे, छे” म्हणायची. जसं काही पक्षी त्यांनीच मारल्याचा आळ येतोय. वर्षभर तिने “नाही, नाही” असं भरलं. मग एक दिवस कंटाळून तिने प्रश्नच बदलला. पक्षी काय रंगाचा, पाय कसे, कुठे पडलाय हे विचारता विचारता त्याच सुरात विचारलं, “आणि उचललात कोणत्या हाताने?” पलीकडून लगेच उत्तर आलं, “उजव्या.”

तेव्हापासून अकराव्या रकान्यात खरं यायला लागलं. तिच्यापासून या गावात कुणी काही लपवू शकत नाही, असं कार्यालयाचा ड्रायव्हर म्हणायचा. ती वरवर झटकून टाकायची, पण मनातून तिला ते पटलेलं होतं.

पक्षी उचलायला तो ड्रायव्हर आणि ती मिळून जायची. हात पिशवीत घालायचा, पिशवीतूनच पक्षी धरायचा, पिशवी उलटी करत त्याच्यावर ओढून घ्यायची, तोंड बाजूला वळवून आतली हवा काढायची. “आता मान पिरगळायची,” ड्रायव्हर दर नव्या माणसाला शिकवायचा, “पिशवीची. पक्ष्याची वेळ टळून गेली.” तो पीळ दुमडून त्याला रबर लावायचं. मग दुसरी पिशवी, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण गारठ्यात शाई पसरते.

पूर्वी हा पीळ सुटायचा. तो सुटू नये म्हणून डावीकडे द्यावा, ही युक्ती कार्यालयाला सांगणारी व्यक्ती म्हणजे पाखरंबाईच्या सासूबाई. सासूबाई एकतीस वर्षं पोस्टात पार्सलांच्या खोलीत होत्या. काही बांधलेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप गाठीकडे जायचा. डब्याला, बरणीला, उन्हाळ्यात कपाटावर टाकलेल्या रजईच्या गाठोड्यालासुद्धा त्यांची चिठ्ठी असायची. “चिठ्ठी नाही ते बेवारस,” असं त्या म्हणायच्या. घरात मेलेल्या पक्ष्यांच्या गोष्टी जेवताना नकोत असं पाखरंबाईच्या नवऱ्याचं मत होतं. तो चष्म्यांचं दुकान चालवायचा आणि स्वच्छतेच्या बाबतीत जरा नाजूकच होता. पण सासूबाईंना त्या गोष्टी हव्याच असायच्या. लेक ताट घेऊन पुढच्या खोलीत गेला की त्या खुर्ची सुनेकडे ओढून म्हणायच्या, “हं, सांग. आज काय आलं?”

सून सांगायची. सगळं सांगायची. पीळ, पिशव्या, चिठ्ठी, पेन्सिल, सगळं.

त्या वर्षी ताप तळ्यावर आला. पूर्वेच्या काठावर एक रानबदक मेलेलं सापडलं आणि तपासणीत ते रोगी निघालं. पूर्वेचा काठ म्हणजे पाखरंबाईच्या घरासमोरचाच. तिथे कुंपणाला कुंपण लागून बदकवाल्या काकूंचं घर. काकूंची बेचाळीस बदकं होती, ती रोज सकाळी रांगेने रस्ता ओलांडून तळ्यात उतरायची आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबायच्या. त्या दिवसापासून बदकं पत्र्याच्या शेडमध्ये कोंडली गेली. नियम साधा होता. पूर्व काठावर सलग एकवीस दिवस एकही मेलेला पाणपक्षी सापडला नाही, तर कार्यालयाच्या डॉक्टर सही करणार आणि बदकं पाण्यावर. मध्ये एक जरी सापडला तर मोजणी पुन्हा एकपासून. आणि चुकून रोग बदकांत शिरलाच, तर बेचाळीसच्या बेचाळीस मारायची.

काठावर, बाकाशेजारी कार्यालयाने काळी पाटी उभी केली. “पक्ष्यांना हात लावू नका,” आणि खाली, “आज दिवस,” आणि पुढे रिकामी जागा. रोज कामावर जाताना त्या जागेत खडूने आकडा लिहायचं काम पाखरंबाईकडे आलं. घरासमोरच होती पाटी. सासूबाई आपल्या खोलीच्या खिडकीतून तो आकडा मोठ्याने वाचायच्या आणि कुंपणापलीकडे ओरडून सांगायच्या, “बदकीण, आठ झाले गं.” बदकवाल्या काकू पलीकडून म्हणायच्या, “माझ्या डोक्यात आठशे झालेत.”

खरंच होतं ते. कोंडलेली बदकं दिवसभर कलकलायची. काकूंनी त्यांच्यासाठी शेडमध्ये टब ठेवले होते, पण टबात उतरून बदकं एकमेकांकडे बघत बसायची, असं काकू सांगायच्या. तिसऱ्याच दिवशी काकू पाखरंबाईला अडवून म्हणाल्या होत्या की पुन्हा एकपासून झालं तर त्या स्वतःच शेडमध्ये जाऊन कडी लावून घेतील. हे पाखरंबाईने घरी सांगितलं. सासूबाई वाटाणे सोलत होत्या, त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “म्हणजे पक्षी सापडला तरच ना? सापडला नाही तर नाही.”

“नाही सापडला तर नाही,” सून म्हणाली.

काठाची पाहणी ड्रायव्हर रोज सकाळी नऊला करायचा. येऊन सांगायचा, “पूर्व काठ साफ.” पश्चिमेला चार पक्षी सापडले, उत्तरेला तीन. अठराव्या दिवशी डॉक्टर जिना उतरून तिच्या खोलीत आल्या, उभ्या उभ्या नकाशा बघत राहिल्या आणि म्हणाल्या की पूर्व काठ फारच साफ आहे. डॉक्टर तरुण होत्या, कमी बोलायच्या, त्यांच्या तोंडून एवढं निघालं की ते कौतुक समजायचं. पाखरंबाई म्हणाली, “आमचा काठ आहे, डॉक्टर.” हे वाक्य पुढे तिला कितीतरी दिवस आठवत राहणार होतं, आणि दर वेळी तिचे कान तापणार होते.

विसाव्या दिवशी ती संध्याकाळी पाच वाजता घरी आली. उन्हं अजून होती. नवरा दुकानातून लवकर आला होता आणि सरबत करून घेऊन पुढच्या खोलीत बसला होता. त्याने तिला बर्फाचे आणखी दोन खडे आणायला सांगितलं. सासूबाई मागच्या दारात, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर, शेंगा मोडत होत्या.

बर्फाचा साचा फ्रीजला चिकटून बसला होता. तो सोडवायला तिने गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी बाजूला सारली, आणि मागे ते होतं.

वीतभर लांबीचं पुडकं. दोन पिशव्या, एकात एक. डावीकडे पीळ, पीळ दुमडलेला, त्यावर रबर. दोन पिशव्यांच्या मध्ये चिठ्ठी.

तिच्या डोक्यात आलेला पहिला विचार असा, की हे मी आणलं. दमून, कार्यालयातली पेटी समजून, डब्याच्या पिशवीतून घरी आणलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. आपलं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. ती तशीच दार उघडं टाकून उभी राहिली, गार हवा पायावर येत होती. मग तिला दिसलं की पिशव्या कार्यालयाच्या नाहीत, पावाच्या आहेत. घरी येतो त्याच बेकरीच्या. आणि चिठ्ठीवरचं अक्षर गोल, सुटं, प्रत्येक ओळीखाली रेघ ओढलेलं. बरण्यांवर असायचं ते अक्षर.

“पाणकोंबडी. एक. बाकापासून दहा पावलं, पाण्याकडे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. दिवस सतरावा.”

तिने हाताला पिशवी गुंडाळून ते पुडकं उचललं. ते घेऊन ती मागच्या दारापर्यंत गेली. ओरडावंसं वाटत होतं. पण नऊ वर्षांची सवय होती, तोंडातून निघालं ते फोनवरच्याच सुरात.

“आई, ही उचललीत कोणत्या हाताने?”

“डाव्या,” सासूबाई म्हणाल्या. “उजव्या हातात काठी असते ना.”

मग त्यांनी वर पाहिलं. पुडकं पाहिलं, सुनेचा चेहरा पाहिला. हातातली शेंग त्यांनी मोडली, दाणे वाटीत टाकले, आणि साली मात्र मांडीवरच राहिल्या.

बाकीचं एकेक करून बाहेर आलं, आणि दर खेपेला पाखरंबाईला वाटलं की आता तरी संपलं. ही एकच नव्हती. एकूण सात. सासूबाई सकाळी सहाला काठी घेऊन काठावर फिरायला जायच्या, ड्रायव्हरच्या तीन तास आधी. चौथ्या दिवशी त्यांना पहिलं रानबदक दिसलं. मग सातव्या दिवशी दोन कुरव पक्षी. नवव्या, बाराव्या, पंधराव्या दिवशी आणखी. ते सगळे मागच्या अंगणात, भिंतीलगतच्या फुलांच्या वाफ्यात पुरलेले होते. प्रत्येकाला दोन पिशव्या आणि मध्ये चिठ्ठी. सतराव्या दिवशी गुडघ्याने नाही म्हटलं, खणता येईना, म्हणून पाणकोंबडी फ्रीजमध्ये. गुडघा बरा झाला की पुरणार होत्या.

“हात पिशवीत घालून उचललंत ना?”

“हो तर. तू सांगतेस तस्संच.” सासूबाई जरा थांबल्या. “पहिले तीन सोडून. तेव्हा पिशवी बरोबर नव्हती.”

“आई, पण का?”

सासूबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. “अगं, सापडला नाही तर नाही, असं तूच म्हणालीस की. मेलेलं ते मेलं. खबर देऊन काही उठून बसणार होतं का? इकडे ती बदकीण दिवस मोजतेय. मी नुसतं सापडू दिलं नाही.”

त्यांच्या डोक्यात गणित पक्कं होतं. बदकांना कोंडणारा रोग त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यांनी पाहिली होती ती पाटी. आणि पाटीवरचा आकडा पुसतो तो सापडलेला पक्षी. तो बाजूला केला की झालं.

पाखरंबाईला आता आणखी एक गोष्ट आठवली. गेले दोन दिवस सासूबाई दुपारच्या झोपत होत्या. कधी न झोपणाऱ्या. जेवायला घरी आली तेव्हा तिने पाहिलं होतं, उकाड्याने असेल असं म्हणून पंखा लावून दिला होता आणि परत कामावर गेली होती. दिवसाला वीस अनोळखी माणसांना ताप आहे का, खोकला आहे का विचारणारी बाई.

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. की आपलाच हात गार पडलाय, ते तिला कळेना.

तेवढ्यात नवरा बर्फाची वाट बघून आत आला. काय झालं ते त्याला दोन वाक्यांत कळलं. त्याने हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. तळाशी आधीच्या बर्फाचा पातळ तुकडा तरंगत होता. त्याने ग्लास इतक्या जपून ओट्यावर ठेवला, जसा काही तो फुटणार आहे, आणि नळाखाली जाऊन तोंड धुवायला लागला. खूप वेळ धुत होता. मग टॉवेलने तोंड पुसत, तिच्याकडे न बघता, खालच्या आवाजात बोलायला लागला. उद्या एकविसावा दिवस. सकाळी डॉक्टर सही करणार, सगळं मिटणार. वाफ्यातलं वाफ्यात आहे. हे पुडकं तो आत्ता गाडीतून लांब कुठेतरी नेऊन टाकेल. आईचं वय बघ. तिला दवाखान्यात नेऊन नळ्या घालतील. आणि तुझं काय होईल, नऊ वर्षांच्या नोकरीचं? पाखरंबाईच्या घरातच पक्षी दडवले होते, हे ऐकून गाव काय म्हणेल?

“आण इकडे,” तो म्हणाला. “कचरा आहे तो.”

तिने हात पुढे केलाही. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला तेच हवं होतं. उद्या सकाळी पाटीवर एकवीस लिहायचं, काकूंच्या शेडची कडी काढायची, बेचाळीस बदकं रांगेने रस्ता ओलांडताना बघायची. पण पुडकं दुसऱ्या हातात देताना तिची नजर पुन्हा चिठ्ठीवर गेली. बाकापासून दहा पावलं, पाण्याकडे. बदकं पाण्यात उतरतात तीच जागा. उद्या उतरणार होती ती जागा.

“याला चिठ्ठी आहे,” ती म्हणाली. “हा कचरा नव्हे.”

पुढच्या खोलीत जाऊन तिने कार्यालयातल्या आपल्याच टेबलावर फोन लावला. सहापर्यंत तिथे ड्रायव्हर बसायचा. त्याने उचलला आणि तिने शिकवलेल्या क्रमाने प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज त्याने ओळखला नाही, तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. पक्षी कोणता? पाणकोंबडी. किती? एक. आणि पुरलेले सहा. पलीकडे पेन्सिल थांबली, पुन्हा चालू झाली. पत्ता? तिने पत्ता सांगितला.

“ताई?” ड्रायव्हर म्हणाला.

“लिहा.”

त्याने लिहिलं. मग, शिकवलेलं होतं म्हणून, अगदी हळू विचारलं, “उचलला कोणत्या हाताने?”

“डाव्या,” ती म्हणाली. “माझ्या सासूबाईंनी.”

अर्ध्या तासात कार्यालयाची गाडी दारात आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं पाखरंबाईने आजवर शंभर दारांत नेऊन उभी केली होती, पण ती आपल्या दारात उभी राहिलेली कशी दिसतात हे तिला माहीत नव्हतं. गल्लीतल्या खिडक्या भरल्या. सासूबाई तोंडाला मास्क लावून अंगणातल्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि काठीने दाखवत होत्या, “तिथे नाही, कुंडीच्या डाव्या अंगाला. वीतभरच खोल आहे, जपून.” एकेक पुडकं वर आलं. मातीने माखलेलं, पण पीळ जागच्या जागी. डॉक्टरांनी पहिल्या चिठ्ठीवरची माती बोटाने पुसली, वाचली, दुसरी वाचली. सगळ्या वाचून झाल्यावर ड्रायव्हरला म्हणाल्या, “आपल्या माणसांपेक्षा चांगल्या लिहिल्यात.” कुणी हसलं नाही. त्या हसण्यासाठी बोलल्याही नव्हत्या.

कुंपणापलीकडे बदकवाल्या काकू उभ्या होत्या. त्यांनी पुडकी मोजली असावीत. सासूबाई त्यांना काहीतरी सांगायला उठल्या, पण डॉक्टरांनी त्यांना बसायची खूण केली आणि नमुना घ्यायला घशात काडी घातली. काडी निघाल्यावर सासूबाई खोकल्या, डोळे पुसले, आणि कुंपणाकडे बघून म्हणाल्या, “पार्सलावर शिक्का मारला गं.” काकू आत गेल्या आणि शेडच्या दाराला आणखी एक कडी घातल्याचा आवाज आला.

सासूबाईंना त्यांच्या खोलीत दहा दिवस वेगळं ठेवायचं ठरलं. दाराबाहेर ताट ठेवायचं, भांडी वेगळी, औषधाच्या गोळ्या दिवसातून दोनदा. नवऱ्याने फ्रीज रिकामा करून औषधाने तीनदा पुसला आणि आठवडाभर कोमट पाणी प्यायला. डॉक्टरांनी पाखरंबाईकडे लेखी खुलासा मागितला. तिने चार वेळा लिहून फाडला. शेवटी दिला त्यात दोनच वाक्यं होती : “नऊ वर्षे मी सर्वांना विचारत आले. घरी विचारले नाही.” डॉक्टरांनी तो फाइलला लावला आणि पुढचा हुकूम येईपर्यंत फोन ड्रायव्हरने घ्यावा असं सांगितलं. पाटीचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं. कदाचित विसरल्या असतील, कदाचित नसतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी तपासणीचे निकाल आले. सासूबाईंना काही नव्हतं. दुपारची झोप वयाची होती, आणि कदाचित रोज पहाटे चोरून खणण्याची. सात पक्ष्यांपैकी पाच निरोगी. दोन रोगी : नवव्या दिवसाचं रानबदक आणि वाटाण्यांच्या मागची पाणकोंबडी.

हे सासूबाईंना सांगायला ती मास्क लावून दारात उभी राहिली. निकाल वाचला. त्यांना काही नाही हे त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या दुसरंच विचारत होत्या.

“पाणकोंबडी म्हणजे सतराव्या दिवसाची ना? बाकाजवळची?”

“हो.”

“आणि एकविसाव्याला बदकीण तिथेच सोडणार होती.”

“हो, आई.”

सासूबाई पलंगावर बसल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले आणि बघत राहिल्या, आधी उजव्याकडे, मग डाव्याकडे. आत्तापर्यंत त्या घाबरल्या नव्हत्या. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांना नाही, काडीला नाही, दहा दिवसांच्या कोंडीलाही नाही. आपण थोडी लबाडी केली आणि पकडले गेलो, एवढंच त्यांना वाटत होतं. आता त्यांचा चेहरा असा झाला, की सुनेला दार ओलांडून आत जावंसं वाटलं, आणि जाता येत नव्हतं.

“मीच मारणार होते गं ती सगळी,” सासूबाई म्हणाल्या. संध्याकाळी ताट तसंच परत आलं.

मोजणीचं काय, हे विचारायला पाखरंबाई वर डॉक्टरांकडे गेली. तिला एक आशा होती. सात चिठ्ठ्यांवर सात तारखा होत्या, शेवटची सतराव्या दिवसाची. त्यानंतर काही पडलं नाही. तिथपासून मोजलं तर काकूंचे पाच-सहा दिवस वाचत होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठ्या खऱ्या असतील, त्या म्हणाल्या, त्यांचा तरी विश्वास आहे. पण पक्षी कधी पडला ते नाही धरायचं, आपल्याला कधी कळलं ते धरायचं. आणि घराची, वाफ्याची, काठाची धुवाधुवी आजच संपली. म्हणजे उद्यापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटीजवळ गेली. वीसचा आकडा अजून तसाच होता, तिच्याच हातचा, कुणी पुसला नव्हता. तळं शांत होतं. मागे शेडमधून कलकलाट येत होता. तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली, पुन्हा पुसली, आणि ती वाळायची वाट बघत उभी राहिली. खडू हातात होता. या हाताने तिने वीस आकडे लिहिले होते, एक ते वीस, रोज एक, आणि त्यातले पहिले तीन तेवढे खरे.

पावलं वाजली. बदकवाल्या काकू होत्या. चार दिवसांत त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. हातात शेडमधली रिकामी बादली, पायात चिखलाचे बूट. त्या पाटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. पाखरंबाईला वाटलं, आता ऐकून घ्यायचं. जे येईल ते. तिने मान खाली घातली आणि “आज दिवस”च्या पुढे लहानसा एक काढला.

काकूंनी तो पाहिला. मग वळून समोरच्या घराकडे, खिडकीकडे पाहिलं. पडदा अर्धा सरकलेला होता आणि त्याच्यामागे कुणीतरी उभं होतं, हललं नाही.

“पूस तो,” काकू म्हणाल्या. “मोठा लिही. तिला तिथून दिसला पाहिजे.”

पाखरंबाईने काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. राग होता की दुसरं काही, हे तिला सांगता आलं नसतं, आणि या वेळी विचारायला तिच्याजवळ कुठला प्रश्नही नव्हता. तिने फडकं घेतलं, आकडा पुसला, आणि पाटीच्या खालच्या कडेपर्यंत पोचेल एवढा एक लिहिला.